पडद्याआडची ओटी

‘चहा?’ देशिंगकर वकिलांनी विचारलं. ‘चहा तरी घेतलात का पेशंटच्या हातचा?’

‘शिबिरात चहा मंडळाचा असतो.’

‘शेंगा? हुरडा? कोंबडं? नीट आठवा बाई. निघताना जीपमध्ये कुणी भोपळा टाकला असेल.’

मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी गेले. खाली गल्लीत हळदीची पोती उतरत होती. हमाल एकमेकांना शिव्या देत होते आणि पिवळी धूळ वर माडीपर्यंत येत होती. त्या दिवसांत मला एका जागी बसवतच नसे. दवाखान्यात पेशंट तपासता तपासता मी मध्येच उठून हात धुऊन येई. घरी वाढलेलं ताट तसंच ठेवून दाराची कडी लागलीय का, ते बघून येई.

‘बसा हो,’ वकील म्हणाले. ‘तुम्ही अशा फेऱ्या मारल्यात तर ग्राहक मंचाला वाटेल, बाईंनीच डोळा काढून नेला.’

देशिंगकर असंच बोलत. माणूस मोठा वकील. पण माझ्याकडून फी घेत नव्हते. त्यांच्या आईचा मोतीबिंदू आमच्याच मंडळाच्या शिबिरात निघाला होता.

गोष्ट जुनी आहे. डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली ओढायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. सांगलीत माझा डोळ्यांचा लहानसा दवाखाना होता. यजमान अचानक गेले. मूलबाळ नव्हतं, रविवार खायला उठे. म्हणून मी नेत्रसेवा मंडळाच्या शिबिरांना जायला लागले. आटपाडीच्या पुढं माणदेशातल्या उघड्याबोडक्या माळांवरची गावं. शाळेच्या वर्गात बाकं जोडून टेबल करायचं, खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक मोतीबिंदू काढायचे. पैसे कुणी द्यायचे नाहीत, कुणी घ्यायचे नाहीत.

अशाच एका शिबिरात, खरातमाळ नावाच्या गावी, मी बायडाबाई गोरड या धनगर बाईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी सोडली तेव्हा डोळा स्वच्छ होता. घरी गेल्यावर तो चिघळला. तिचा मुलगा पोपट टेंपो घेऊन दूर भाड्याला गेला होता. तो परत येऊन तिला सांगलीला माझ्याकडे आणेपर्यंत आत पू भरला होता. मला येत होतं ते सगळं मी केलं, मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळा गेला. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. त्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

पोपटनं माझ्यावर दावा लावला.

‘पुन्हा सांगतो,’ देशिंगकर म्हणाले. ‘सेवा फुकट, आणि सगळ्यांनाच फुकट, तर हा कायदा तुम्हाला लागत नाही. प्रकरण पहिल्याच पायरीवर संपतं. पण समोर पाटोळे वकील आहेत. तुम्ही काही घेतलंत असं दिसलं, तर त्या फटीतून ते आत शिरतील. टिकेल न टिकेल ते पुढचं पुढं, पण वर्षानुवर्षं तुम्हाला फिरवतील. आणि आत शिरले की पहिला प्रश्न कुठला, सांगा?’

‘डोळा का गेला.’

‘बरोबर. आहे उत्तर तुमच्याकडे?’

तोच प्रश्न मला जागचं उठवत होता.

त्यांनी फायलीतून तक्रारीचा कागद काढला. ‘मग हे ऐका. “डॉक्टरांनी तक्रारदाराच्या आईकडून वस्तुरूप व रोख मोबदला स्वीकारला.” पोपट म्हणतो, आईनं तुमची ओटी भरली. खण, नारळ आणि वर एक नोट. भरली?’

‘भरली,’ मी म्हणाले.

देशिंगकरांनी चष्मा काढला. तो पुसता पुसता त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली आणि लगेच कागदावर आली. ‘बाई, राग मानू नका. मधुकररावांना जाऊन चारेक वर्षं झाली ना?’

‘हो.’

‘आणि ही बायडाबाई?’

‘तिचा नवरा फार पूर्वी वारला.’

‘कुणी पाहिलं ओटी भरताना?’

‘कुणी नाही. पडद्याआड होतो आम्ही.’

त्यांनी फाईल मिटून तिच्यावर थाप मारली. ‘झालं तर मग! विधवेनं विधवेची ओटी भरली? धनगरवाड्यात? कोण विश्वास ठेवील? अहो, मंचात एक बाई सदस्य आहेत, त्या तर हसतील.’

‘पण भरली ना तिनं.’

‘मी तुम्हाला खोटं बोला म्हणतो का? मुळीच नाही. मी तिला प्रश्न विचारीन, ती उत्तरं देईल. तुम्ही नुसतं गप्प बसायचं. तुम्हाला कुणी विचारणारच नाही.’

गप्प बसण्यात काय अवघड आहे, असं मलाही त्या वेळी वाटलं.

ती ओटी कशी भरली गेली, ते सांगायला हवं. शिबिराचा शेवटचा दिवस होता. रुग्ण आपापली बोचकी बांधत होते. बायडाबाई माझ्या कोटाची बाही धरून म्हणाली, ‘डाक्टरीणबाई, वाईच हिकडं या.’ वर्गाच्या कोपऱ्यात चादर टांगून ड्रेसिंगची जागा केली होती, तिथं तिनं मला नेलं. ‘पदर म्होरं घ्या,’ म्हणाली. मला कळेना. तिनंच माझ्या कोटाची बटणं सोडली, पदर ओढून पुढं घेतला आणि कमरेची पिशवी उघडली. हिरवा खण, नारळ, हळकुंड, ओंजळभर जोंधळे. तांदूळ त्या माळावर कुठले? वर घडी केलेली एक नोट. हे सामान तिनं सुनेकडून बाजारातून मागवलं होतं, देवीला म्हणून सांगून. मग पुडीतलं कुंकू तिनं बोटावर घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. हात तिचा राठ होता, लोकरीच्या वासाचा.

मला वाटलं, हिला अजून नीट दिसत नाहीये. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारणी मला कैरीची डाळ घरी पाठवायच्या, बोलवायच्या नाहीत. ते आठवलं आणि बोलवेना. बाहेर मंडळाचे लोक मला हाका मारत होते. मी पदर आवळून धरला आणि तशीच जीपमध्ये जाऊन बसले.

ही गोष्ट बाहेर फुटली तीही बायडाबाईच्याच तोंडून. पोपटनं कोर्टाची भाषा सुरू केली तेव्हा तिनं त्याला आडवं घेतलं होतं. ‘तिच्यावर केस करतुयास? मी वटी भरलीया तिची. लेक हाय ती माझी.’ पोपटनं ते पाटोळे वकिलांना रागारागात सांगितलं, आणि पाटोळ्यांना हवं ते सापडलं.

तारखेच्या आधी आबा शेटे माझ्याकडे आले. आटपाडीचे कापडवाले. शिबिरांची सगळी जुळवाजुळव तेच करत. गाद्या गोळा करण्यापासून जीपमध्ये डिझेल भरण्यापर्यंत. चपला काढून दारातच उभे राहिले.

‘या ना आबा.’

‘बसायला न्हाई आलो, डॉक्टरबाई. सांगायला आलो. पुढच्या शिबिराला तिघा डॉक्टरांनी न्हाई म्हणून कळवलं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं काय. खरं कारण सगळ्यांना ठावं हाय.’ त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. ‘सगळे तुमच्या निकालाकडं बघत्यात. तुमी सुटला तर येतील. न्हाई तर माणदेशातली म्हातारी माणसं बसतील अंधारात चाचपडत. फुकट काम करायचं आन वर कोर्टाच्या पायऱ्या, कोन करील?’

‘वकील म्हणतात, सुटेन.’

‘मग झालं की. त्यांचं ऐका.’

ते गेले आणि मी त्या दिवशी ओट्यावरचे सगळे डबे खाली काढून घासले. घासलेले पुन्हा घासले. पोपट डोळ्यांसमोरून हलत नव्हता. डोळा गेल्याचं मी सांगितलं त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी उभा होता. आरडाओरडा करून झाला होता, घसा बसला होता. शेवटी हळू आवाजात म्हणाला, ‘बाई, मला एकच सांगा. कशानं गेला? आमच्याकडनं काय चुकलं, का तुमच्याकडनं?’ मी म्हणाले, अशा गोष्टी कधी कधी होतात. तो म्हणाला, ‘कधी कधी म्हंजे? आमच्याच घरी का?’ त्यावर मी त्याला डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली दिली होती.

तारखेला उन्हाचा नुसता जाळ होता. मंच एका जुन्या सरकारी इमारतीत भरे. पंखा गरगरत होता पण वारा टेबलावरच्या कागदांनाच लागत होता. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, शेजारी एक गृहस्थ आणि एक बाई सदस्य. एरवी तिथं कागदांवरच काम चाले. पण सेवा फुकट होती की नव्हती, हा मुद्दा आधी मिटवायचा म्हणून अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना समक्ष बोलावलं होतं.

खरातमाळची माणसं एका बाकावर दाटीवाटीनं बसली होती. बायडाबाईचा मोठा दीर म्हाळाप्पा काठी धरून पुढं. पोपट धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर ठेवून. मी उठले, बसले, पुन्हा उठले. आबा शेट्यांनी मागून माझ्या खुर्चीवर हात ठेवला.

पाटोळे वकिलांनी बायडाबाईला पुढं आणलं. पोपटनं तिचा हात धरून खुर्चीवर बसवलं.

‘आजी,’ पाटोळे म्हणाले, ‘शिबिरात तुम्ही डॉक्टरबाईंना काय काय दिलंत, ते साहेबांना सांगा.’

‘कुनाला?’

‘डॉक्टरबाईंना.’

‘मी काय देनार? माझ्यापाशी काय हाय द्येयाला?’

पाटोळ्यांनी पोपटकडे पाहिलं. ‘आजी, घाबरू नका. तुमचा मुलगा म्हणतो, तुम्ही ओटी भरलीत.’

‘त्यो म्हनतो तर त्यालाच इचारा. त्यानं भरली आसंल.’

हसू उसळलं. अध्यक्षांनी पेन आपटलं.

‘आये!’ पोपट उठून उभा राहिला. ‘घरात काय सांगितलं हुतंस मला? नोट ठिवली म्हनालीस, खण घातला म्हनालीस...’

‘खाली बसा,’ अध्यक्ष म्हणाले. ‘मध्ये बोलायचं नाही.’

बायडाबाई त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघतसुद्धा नव्हती. मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

देशिंगकर सावकाश उठले. त्यांचा आवाज एकदम गोड झाला होता.

‘आजी, मालक असतात का तुमचे?’

‘न्हाईत. पोपट पाळण्यात हुता तवाच खपलं.’

‘मग तुम्ही कुणाची ओटी भरता?’

‘आमास्नी कोन भरू देतंय?’

‘आणि डॉक्टरीणबाईंचेही यजमान वारलेत. हे ठाऊक आहे तुम्हाला?’

मी जमिनीकडे बघत होते. सगळी खोली माझ्या कपाळाकडे बघतेय हे मला न बघताही कळत होतं.

बायडाबाईनं बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं. ‘आता तुमी सांगितलं तवा कळलं.’

‘अशा बाईची ओटी भरतात तुमच्यात?’

म्हाळाप्पानं काठी आपटली. ‘शिव शिव!’

‘न्हाई भरत,’ बायडाबाई म्हणाली.

‘मग तुम्ही भरली?’

‘न्हाई.’

‘काही दिलं? नोट? पैसा?’

‘सांगितलं न्हवं, न्हाई म्हनून! किती येळा इचारतासा?’

देशिंगकरांनी हात जोडले आणि बसले. पाटोळे घाईघाईनं कागद उलटे-सुलटे करू लागले. अध्यक्षांनी चष्म्यावरून पोपटकडे पाहिलं.

‘तक्रारदार, उभे राहा. तुम्ही शपथेवर लिहून दिलंय की डॉक्टरांनी मोबदला घेतला. तुमची आईच नाही म्हणते. खोटं शपथपत्र दिलं तर काय होतं, वकिलांनी सांगितलंय का?’

पोपट उभा होता. टेंपोचं चाक फिरवून राठ झालेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे पाहताना त्याच्या तोंडावर राग नव्हता. आपणच स्वप्नात काही बघितलं की काय, असं त्याला वाटत असावं.

‘सायब,’ तो म्हणाला, ‘मी खोटं न्हाई लिवलं. पर आता आय म्हनती तर... काय सांगू?’

‘भरली,’ मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी उभी राहिले होते.

देशिंगकर गर्रकन वळले. ‘बाई, बसा.’

‘साहेब, यांनी माझी ओटी भरली.’

‘बाई, तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही!’

‘बोलू द्या त्यांना,’ बाई सदस्य म्हणाल्या. इतका वेळ त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. ‘काय काय होतं ओटीत?’

‘खण, नारळ, हळकुंड, जोंधळे. आणि एक नोट होती.’

‘किती रुपयांची?’

‘पाहिली नाही. खणाच्या घडीत आहे तशीच.’

‘नोंद व्हावी!’ पाटोळे ओरडले. ‘रोख रक्कम स्वीकारल्याचं सामनेवाल्यांनी कबूल केलंय, नोंद व्हावी!’

‘मोबदला नव्हता तो,’ मी म्हणाले. ‘पण यांचा मुलगा खोटं बोलत नाहीये.’

‘तो मोबदला होतो का, ते मंच ठरवील,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आज नाही. सगळं ऐकल्यावर. तक्रार दाखल करून घेतोय. डोळा कशामुळे गेला, यावर दोन्ही बाजूंनी म्हणणं द्यावं.’

खरातमाळच्या बाकावर कुजबुज माजली. म्हाळाप्पा उठला आणि भावजयीकडे न बघता बाहेर निघून गेला.

बाहेर व्हरांड्यात आबा शेटे भिंतीला टेकून डोकं धरून बसले होते. देशिंगकर झपाझप माझ्यापाशी आले. कपाळावरचा घाम त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसला.

‘बाई, एक विचारू? मी वकील कुणाचा, तुमचा की पाटोळ्यांचा? कारण फी तर मला दोघांकडूनही मिळत नाही.’

‘तो पोरगा खोटा पडत होता, देशिंगकर.’

‘पडू द्यायचा! कोर्टात रोज कुणीतरी खोटं पडतंच. आता वर्षं जातील. ते तुमची हत्यारं विचारतील, पाणी विचारतील, चादरी विचारतील.’

‘विचारू देत.’

‘आणि तुम्ही सांगाल.’

‘सांगेन.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आबांच्या शेजारी जाऊन त्यांच्यासारखेच भिंतीला टेकले.

पोपट आईला धरून बाहेर आला. ती चाचपडत सरळ माझ्यापाशी आली आणि माझा दंड तिनं इतका घट्ट धरला की दुखलं.

‘आगं ए बये! मी म्हातारी सायबाम्होरं धडधडीत खोटं बोलले, देवाची आन घिऊन. दीर आता दारात उभं करायचा न्हाई मला. कुनासाठी? आन तू उठून खुळ्यावानी “भरली, भरली”! डोस्कं हाय का न्हाई?’

आतापर्यंत ती मला ‘अहो डाक्टरीणबाई’ म्हणत होती.

‘तुम्ही कशाला खोटं बोललात, मावशी?’

‘आमच्या काळ्या कोटवाल्यानं सांगितलं पोपटला, वटी भरली म्हनलं की बाई गावती. मी ऐकत हुते दाराआडनं.’

‘पण तुम्हाला तर ठाऊक नव्हतं,’ मी म्हणाले. ‘माझं... हे. आज कळलं म्हणालात.’

तिनं माझा दंड सोडला. हात वर करून चाचपत माझ्या कपाळापर्यंत आणला.

‘का ठावं नसंल? तू पट्टी सोडलीस. किती सालानं उजेड बघितला मी. आन त्यात पैलं काय दिसलं? तुझं त्वांड. मोकळं कपाळ. म्हनलं, आगं बाय, हिला कोन बोलवत नसंल कुटं. जशी मला न्हाई बोलवत. म्हनून तर सुनंला देवीचं नाव सांगितलं.’

पोपट दुसरीकडे तोंड करून उभा होता.

मग तोच म्हणाला, ‘बाई, ह्ये कोर्टाचं चालू ऱ्हाईल. माझं म्हननं मी सोडनार न्हाई.’

‘सोडू नकोस.’

‘तसं न्हवं. आयेचा उजवा डोळा. आटपाडीत दावला, मिरजंत दावला. केस घातलेला पेशंट म्हनून कुनी हात लावंना. समदे म्हनत्यात, निकाल लागू द्या.’

‘आन निकाल लागंस्तवर मी काय करू?’ बायडाबाई म्हणाली. ‘मेंढरं मोजू का हातानं?’

भिंतीपाशी बसलेले देशिंगकर ओरडले, ‘बाई! ज्यानं दावा लावलाय त्याच्याच आईच्या डोळ्याला हात लावलात तर मी वकीलपत्र सोडीन, सांगून ठेवतो!’

त्यांनी ते सोडलं नाही. प्रकरण बरीच वर्षं चाललं. पाटोळ्यांनी मला हत्यारांबद्दल विचारलं आणि मी जे होतं ते सांगितलं. शिबिरात गर्दी वाढली की एका रुग्णाची हत्यारं नुसती स्पिरिटमध्ये बुडवून आम्ही पुढच्याला वापरत होतो. सगळेच तसं करत. बायडाबाईचा डोळा त्यानंच गेला, असं कुणालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. निकालातही तसंच आलं, आणि थोडी भरपाई मंडळानं द्यावी असं ठरलं. पण मी ते सांगितलं त्या दिवसापासून आमच्या मंडळात दर रुग्णाला हत्यारांचा वेगळा उकळलेला संच आला. शिबिरं लहान झाली. आबांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला. येईनासे झालेले डॉक्टर हळूहळू परत यायला लागले. सगळे नाही आले.

उजवा डोळा मी त्या पहिल्या तारखेच्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर माझ्या दवाखान्यात केला. तो चांगला झाला, हे आधीच सांगून टाकते. पुढं मरेपर्यंत बायडाबाई त्या एका डोळ्यावर सूत कातत होती आणि येता-जाता माझ्याकडे उतरत होती.

त्या सकाळी मात्र मला हे काही ठाऊक नव्हतं. रात्रभर मी हत्यारं मनातल्या मनात मोजत होते. आत बायडाबाई टेबलावर पडून सिस्टरला मेंढरांच्या आजारांची माहिती देत होती. मी हात धुवायला निघाले तेवढ्यात बाहेर वाद ऐकू आला.

‘बाई म्हणाल्यात, तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत,’ काउंटरवरची रेखा सांगत होती.

‘न्हाई, घ्याच,’ पोपट म्हणत होता. ‘सगळ्यांकडनं घेता तेवढं घ्या. आन पावती द्या. बाईच्या सहीची.’

मी बाहेर आले. ‘पोपट, राहू दे रे. तुझ्या आईकडून मी पैसे घेईन का?’

‘घ्या, बाई.’ त्यानं नोटा काउंटरवर ठेवल्या आणि वर हात दाबून धरला, कुणी परत सारील म्हणून. ‘राग न्हाई माझा. पर फुकाट नको आता. फुकाटचं आसलं की पुढं काय झालं तर कोन इचारू देत न्हाई. आमी वकिलाकडनं शिकलो ते.’

रेखा माझ्याकडे बघत होती. आतून बायडाबाई ओरडली, ‘पोपट, काय म्हनत्यात त्या? चालू करायचं का न्हाई?’

मी काउंटरच्या मागं गेले, पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि स्वतः पावती लिहिली. नाव, गाव, उजवा डोळा, मोतीबिंदू शस्त्रक्रिया, रक्कम. खाली सही केली आणि शिक्का मारला.

पोपटनं ती उजेडाकडे धरून एकेक अक्षर वाचली. घडी करून टोपीत ठेवली.

‘हां,’ तो म्हणाला. ‘आता करा.’